मदत हवी आहे: छपराच्या कैचीचा ६ मिमीचा अँगल गंजून ७ मिमी भरतोय

हापूसवाला:
नमस्कार मंडळी. देवगडकडे आमची आंब्याची पॅकिंग शेड आहे, वडिलांनी २००४ साली बांधलेली. समुद्र दिसत नाही, पण गाज ऐकू येते. जांभ्याच्या भिंती, वर ५० बाय ५० च्या ६ मिमी अँगलच्या कैच्या (छप्पर तोलणारे त्रिकोणी सांगाडे), त्यावर पत्रे. परवा झाडलोट करताना खाली गंजाचे पोपडे सापडले, चांगले तळहाताएवढे. शिडी लावून बघितलं तर भिंतीत बसलेल्या टोकाशी अँगलचे पदर सुटलेत. व्हर्नियर लावला तर ७ मिमी! गंजून लोखंड जाड कसं होईल?

दुसरं कोडं. बाहेरचं फाटक त्याच साली, त्याच फॅब्रिकेटरने केलेलं. चार महिने पावसात भिजतं तरी धड आहे, आणि छपराखालचं कोरडं सामान सडलं. फॅब्रिकेटर म्हणतो घासून रेड ऑक्साइड मारू, दहा वर्षं बघायला नको. काका म्हणतात सगळं उतरव. मार्चात आंबा सुरू होईल. काय करू?

खारवारा:
कोरडं कसलं? वाऱ्याबरोबर मीठ आत येऊन बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाझरतं, अँगल ओला तो ओलाच. फाटकावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, कैचीवरचं कोण धुणार?

गंज मूळ लोखंडाच्या कैकपट फुगतो, म्हणून ७ भरलं. पोपडे हातोडीने पाडा, चकचकीत होईपर्यंत घासा, मग मोजा. सर्वांत पातळ जागा धरा, सरासरी नको.

हापूसवाला:
घासलं. मधे ५.३, भिंतीशी ४.१. पोटात गोळा आला.

खारवारा:
येणारच. तिसरा हिस्सा जाडी गेली, ताण सोसायची ताकदही तेवढीच गेली. दाबातल्या अँगलचं त्याहून वाईट, पाकळी (अँगलची एक बाजू) तेवढीच रुंद पण पातळ, ती लवकर मुरडते. खालचा अँगल एरवी ताणात असतो, पण तौक्तेसारख्या वाऱ्याने छप्पर वर उचललं की तोही दाबात जातो. मे २०२१ आठवा.

रंगाने गेलेली जाडी परत येत नाही. आणि मीठ न धुता रंग मारलात तर दोन पावसाळ्यांत फोड येतील. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. बहुधा टोकंच कापून नवी जोडायला सांगेल, पण ते त्याला ठरवू दे. टेकू दिल्याशिवाय कैचीला वेल्डिंगची काडी लावू देऊ नका, तापलेलं लोखंड मऊ पडतं. नंतर गोड्या पाण्याने धुणं, ब्लास्टिंग (जोराचा कणांचा मारा करून गंज काढणं), झिंक इपॉक्सी प्रायमर. खर्च आहे, पण नुसत्या रेड ऑक्साइडवर भागवू नका.

हापूसवाला:
पेट्या आजच काकांच्या पडवीत हलवतो. इंजिनिअर सोमवारी येतोय. तोवर टेकूला सुरूचे वासे चालतील, की स्लॅबचे जॅक भाड्याने आणू?

खारवारा:
जॅक. आणि खाली फळी घाला, नुसत्या मातीवर रुततील.