इंटरनॅशनल स्टुडंट्सची प्रतिनिधी झालेय, कल्चरल नाइट सोडून वर्षभर नेमकं काय करू?

निळी_छत्री
परदेशात मास्टर्सचं दुसरं वर्ष चालू आहे. यंदा स्टुडंट कौन्सिलमध्ये इंटरनॅशनल स्टुडंट्सची प्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि आता जाम टेन्शन आलंय. आतापर्यंत या पोस्टचं काम म्हणजे एक कल्चरल नाइट, बास. बजेटचा मोठा भाग हॉल, साउंड, स्टेज यातच जातो, फोटो भारी येतात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे परत आपापल्या ग्रुपमध्ये.

हे एवढं का खुपतंय ते सांगते. मागच्या हिवाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेल जवळपास रिकामं होतं, रात्री पाण्याची बाटली भरायला बाहेर आले तर अख्ख्या कॉरिडॉरमध्ये फक्त एका दाराखालून उजेड येत होता. दोन दिवसांनी तिथला मुलगा किचनमध्ये दिसला. मी हाय म्हटलं तर त्याचा आवाजच फुटेना, घसा खाकरला आणि म्हणाला, चार दिवसांत आज पहिल्यांदा कुणाशी तरी बोलतोय. हाच मुलगा महिन्याभरापूर्वी कल्चरल नाइटला स्टेजवर पहिल्या रांगेत नाचत होता.

टीममध्ये आम्ही पाच जण आहोत. नाइट बंद करून तो पैसा दुसरीकडे लावू का? आणि सगळे आपापल्या देशाचेच ग्रुप धरून बसतात ते कसं मोडायचं?

तिसरा_जिना
तुझा किस्सा वाचून 1909 सालची एक गोष्ट आठवली. न्यूयॉर्कमध्ये हॅरी एडमंड्स म्हणून एक जण वायएमसीएत काम करायचे, त्यांनी कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज गुड मॉर्निंग म्हटलं, तर तो म्हणाला, तीन आठवडे झाले मला इथे येऊन, माझ्याशी बोलणारे तुम्ही पहिलेच. एडमंड्स नवरा-बायकोंनी मग अशा मुलांना घरी बोलवायला सुरुवात केली, त्यातून क्लब उभा राहिला आणि 1924 ला जॉन रॉकफेलर ज्युनियर यांच्या पैशातून इंटरनॅशनल हाउस, म्हणजे देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहायची जागा.

त्यातले ते तीन आठवडे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, तुमचे पाच जण आणि बजेट आधी तिथेच लाव. ओरिएंटेशनला सगळी माहिती एकाच दिवशी डोक्यावर ओततात, पोरं झोपेत असतात, आणि खरे प्रश्न नंतर पडतात. मला एकाने रात्री अकराला मेसेज केला होता की वॉशिंग मशीनचं कार्ड कुठून रिचार्ज करायचं, आठवडाभर तो कपडे बेसिनमध्ये धूत होता कारण विचारायचं कुणाला हेच माहीत नव्हतं.

अजून एक, नावं नीट घ्या. मी वहीत प्रत्येकाचं नाव त्याच्याच तोंडून दोनदा ऐकून देवनागरीत लिहून ठेवायचो, इंग्रजी स्पेलिंगपेक्षा उच्चार बराच जवळ जातो. एक मुलगी वर्षभर सगळ्यांना सोपं पडावं म्हणून भलतंच नाव सांगत होती, तिला खऱ्या नावाने हाक मारली तेव्हा ती जागीच थांबली, तो चेहरा मी विसरणार नाही.

मागचा_बाक
युरोपात आहे, इथे इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क ही विद्यार्थ्यांची संघटना 1989 पासून आहे आणि त्यांची बडी सिस्टीम, म्हणजे नव्या मुलाला जुन्याची सोबत, बऱ्याच ठिकाणी चालते. मी दोन वर्षं बडी होतो. अनुभव असा की एकाला एक अशी जोडी लावली की दुसऱ्या आठवड्यात गाडी अडते, एकाची परीक्षा आली किंवा सूरच जुळला नाही की संपलं. त्यापेक्षा चौघांचा गट कर, दोन जुने दोन नवे. वार आणि वेळ ठरवूनच टाका, "कधीतरी भेटू" म्हटलं की कुणी भेटत नाही. आणि पहिला मेसेज विमानात बसायच्या आधी गेला पाहिजे.

पडद्यामागे
माझं मत थोडं वेगळं आहे. नाइट बंद करू नकोस, आणि देशाचे ग्रुप मोडायच्या तर अजिबात मागे लागू नकोस. बॉक्नर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये मांडलं होतं की परक्या देशात शिकणाऱ्याच्या मैत्रीची तीन जाळी असतात: आपल्या देशाचे लोक, तिथले स्थानिक, आणि इतर देशांतून आलेले. तिन्हींचं काम वेगवेगळं. आपल्या भाषेत मन मोकळं करायला पहिलं, अभ्यास आणि तिथल्या व्यवस्थेत मार्ग काढायला दुसरं, मजा करायला तिसरं. पहिलं तोडलंस तर माणूस उघड्यावर पडतो, कमी असतात ती बाकीची दोन.

आणि नाइटचा खरा फायदा तालमीत असतो गं! सहा आठवडे रोज संध्याकाळी भेटणं, कुणाचं पाऊल चुकतंय, कुणी स्पीकर विसरलंय. तुझा तो मुलगा तालमी संपल्यावर एकटा पडला ना? मग स्टेजमागची कामं मिश्र टीमकडे दे, स्थानिक मुलांनाही ओढ, आणि नाइट झाल्यावरही तोच वार तीच खोली चालू ठेव, नाचायचं नसेल तर नुसतं बसा.

दोन_सूटकेस
सगळे छान बोललेत, मी फक्त एक सावध करते. व्हिसाचे सल्ले देऊ नकोस, कितीही खात्री वाटली तरी. माझ्या मैत्रिणीला अमेरिकेत एका सीनियरने सांगितलं की एक कोर्स ड्रॉप कर, काही होत नाही. एफ-वनवर, म्हणजे तिथल्या स्टुडंट व्हिसावर, फुल-टाइम क्रेडिट्सच्या खाली जायचं तर डीएसओची, म्हणजे कॉलेजात इंटरनॅशनल स्टुडंट्सचं व्हिसा स्टेटस बघणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते, नंतर नाही. तिचं स्टेटस गेलं, ते परत मिळवताना तिची झोप उडालेली मी बघितलीय. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तू एवढंच कर, म्हण की चल मी येते तुझ्यासोबत ऑफिसात, आणि खरंच जा.

सुट्टीत कोण मागे राहणार याची यादी मात्र नोव्हेंबरातच कर.

निळी_छत्री
खूप थँक्यू, खरंच. नाइट ठेवतोय, स्टेजचा खर्च कमी करून चौघांचे गट करतोय, आणि तालमीची खोली गुरुवारी पुढेही बुक केलीय. सुट्टीच्या यादीचं आज त्या मुलाला विचारलं, मदत करशील का म्हणून. म्हणाला दार वाजवायचं काम मी करतो, कुठल्या खोल्यांत कोण राहतं ते मला माहीत आहे.