हाँगकाँग : वाँग ताय सिनला घर घ्यावं का?

मिरजकर_सून : यांचं ऑफिस क्वुन टाँगला. एजंट वाँग ताय सिनमधली जागा दाखवतोय, खिडकीतून ताओ मंदिराची छपरं दिसतात. धूर, गर्दी झेपेल का? लेक लहान आहे.

कौलूनची_काकू : अगं, बिनधास्त घे, फक्त मंदिराकडची खिडकी बेडरूमची नको. मेट्रोतून बाहेर पडलं की समोरच देऊळ, आणि क्वुन टाँगला गाडी न बदलता जाता येतं. धूर असतोच, पण दिवसभर कानावर येतो तो खुळखुळ आवाज. लोक गुडघे टेकून बांबूचा डबा हलवत असतात, त्यातल्या शंभर काड्यांपैकी एक खाली पडेपर्यंत. मग काडीचा नंबर घेऊन शेजारच्या गाळ्यांत ज्योतिषाकडे. आधी भाव ठरव हो! आमच्या खालच्या आजी तर नातवाच्या परीक्षेचंही विचारून येतात. चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री मात्र बाहेर पडू नकोस. पहिली उदबत्ती लावायला अख्खं शहर लोटतं.

पराग_एचके : नैवेद्याला भाजलेलं डुक्करही असतं, सोवळं असेल तर आधीच सांगून ठेवा.

मिरजकर_सून : सासूबाई येणार आहेत, त्या पक्क्या शाकाहारी!

कौलूनची_काकू : मग एक स्टेशन पुढे, डायमंड हिलला ने. नान लियान बागेत धबधब्यामागे शाकाहारी हॉटेल आहे. डाळी-पिठं चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीतल्या भारतीय दुकानांतून आण. आणि भाडं किती सांगतोय एजंट?