मागून धडक बसली, पैसे घेतले नाहीत. आता पुढे काय करावे?

प्रश्न

काल सायंकाळी साडेसातच्या सुमारास नागपुरात वर्धा मार्गावर छत्रपती चौकाच्या अलीकडे सिग्नल लाल असल्यामुळे माझी गाडी पूर्णपणे थांबलेली होती आणि मागून आलेल्या एका छोट्या मालवाहू टेम्पोने तिला जोरात धडक दिली. शेजारी माझे ६८ वर्षांचे वडील बसलेले होते. टेम्पोचालकाने हात जोडून "ताई, पोलिसांत जाऊ नका, चार हजार आत्ताच देतो" अशी विनवणी केली. मी पैसे घेतले नाहीत. परंतु मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाल्याने टेम्पोच्या क्रमांकाचे छायाचित्र आणि चालकाचा मोबाइल क्रमांक घेऊन मी निघून आले. रात्री आम्हा दोघांनाही काही त्रास नव्हता. आज सकाळपासून मात्र बाबांना मान वळवता येत नाही, आणि डिक्कीचे झाकण एका बाजूने लागत नाही. गाडीला सीएनजी किट आहे. विमा सर्वसमावेशक असून तीन वर्षांत दावा न केल्यामुळे हप्त्यावर ३५ टक्के सवलत जमा झाली आहे. आता तक्रार देता येईल का, आणि खर्च कोणत्या विम्यातून मागावा?

प्रतिसाद १ (अस्थिरोग विभागात काम करणारा डॉक्टर)

ताई, विम्याचे नंतर बघा. बाबांना आधी तपासून घ्या. मागून धडक बसते तेव्हा धड आसनासोबत पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग झटक्याने पुढे येते. त्यात मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. हे दुखणे पुष्कळदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवू लागते, त्यामुळे रात्री त्रास नव्हता यावर विसंबू नये. हाताला मुंग्या येणे, बोटांतील ताकद कमी होणे, उलटी, गुंगी किंवा वाढत जाणारी डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर तडक मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) अपघात विभागात न्या, आणि तोपर्यंत मानेला मालीश मुळीच करू नका. डॉक्टरांना ही वाहन अपघाताची इजा आहे हे स्पष्ट सांगा, म्हणजे तशी नोंद कागदावर राहील. बाबांच्या आसनावरील डोक्याचा आधार किती उंचीवर आहे तेही पाहून घ्या. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला असावी.

प्रतिसाद २ (विमा सर्वेक्षणाचे काम अनेक वर्षे केलेला)

आपण पैसे घेतले नाहीत हे फार योग्य झाले. रस्त्यावर दिसतो तो बंपर, आणि प्लॅस्टिकचा बंपर आत गेला तरी पुष्कळदा पुन्हा फुगून मूळ आकारात येतो, त्यामुळे नुकसान किरकोळ वाटते. डिक्कीचे झाकण एका बाजूने लागत नाही याचा अर्थ मागचा पत्रा, कदाचित डिक्कीचा तळही, वाकला असण्याची शक्यता आहे, आणि ते काम चार हजारांत होणारे नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सीएनजीची टाकी त्याच डिक्कीत, त्याच तळाला पट्ट्यांनी आवळलेली असते. टाकीची झडप आजच बंद करा, गाडी मोकळ्या हवेत उभी ठेवा, आणि अधिकृत सीएनजी केंद्रात टाकी, पट्टे व नळी तपासून मिळेपर्यंत ती चालवू नका. माझ्या मते ही तपासणी डेंटिंगच्याही आधीची आहे.

विमा कंपनीला आजच कळवा आणि कंपनीचा सर्वेक्षक (नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका. स्वतःच्या विम्यातून दावा केला तर चूक दुसऱ्याची असूनही आपली सवलत शून्यावर येते, ती वाचवणारे जादा संरक्षण घेतले नसेल तर. समजा, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे. दावा न केल्यास पुढच्या वर्षी सवलत ४५ आणि नंतर ५० टक्के झाली असती. दावा केल्यास ती शून्यापासून २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा चढेल. हप्ता तेवढाच राहिला तर पाच वर्षांत हा फरक ९,६०० रुपयांचा होतो. शिवाय झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) नसेल तर प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापला जातो, आणि सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातील आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, वेगळी. म्हणून अंदाजपत्रक हाती आल्यावरच ठरवा. टेम्पोच्या विम्यातून भरपाई मागितल्यास आपल्या सवलतीला धक्का लागत नाही, मात्र त्या मार्गाला वेळ लागतो. टेम्पोचा विमा चालू आहे की नाही हे एमपरिवहन ॲपवर गाडीच्या क्रमांकावरून पाहता येते.

प्रतिसाद ३ (वकील)

तक्रार निश्चित देता येईल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार अपघाताची माहिती शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत पोलिसांना देणे चालकावर बंधनकारक आहे. म्हणजे आपण आज सायंकाळी साडेसातच्या आत, ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तेथे, छायाचित्रे आणि बाबांची वैद्यकीय कागदपत्रे घेऊन जाणे उत्तम. इजा झालेली असल्यामुळे केवळ नोंदीवर समाधान न मानता भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि १२५ (इतरांच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका पोहोचवणे) खाली गुन्हा नोंदवण्याची विनंती लेखी करा. पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर राखण्याचा नियम २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमावलीत आहे, आणि आपली गाडी सिग्नलला उभी होती ही बाब त्यामुळे फार बळकट ठरते. चौकातील कॅमेऱ्याचे चित्रीकरण जपून ठेवावे, अशी मागणीही त्याच अर्जात लिहा. टेम्पोच्या विमा कंपनीविरुद्धचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. कलम १६६ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे आणि ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. दरम्यान चालकाने पुन्हा पैसे देऊ केल्यास कोणत्याही कागदावर सही करू नका, कारण "सर्व हिशेब मिटला" असे लिहून दिल्यावर बाबांच्या उपचारांचा खर्च मागणे कठीण होते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. बाबांची तपासणी झाली. हाडाला इजा नाही, स्नायू ताणले गेले आहेत. टाकीची झडप बंद केली असून गाडी उघड्या जागेत उभी आहे. सव्वापाच वाजता ठाण्यात तक्रार दिली आणि तिची प्रत घेतली. टेम्पोचा विमा चालू असल्याचे ॲपवर दिसले. सर्वेक्षक उद्या येणार आहेत. बंपर काढून आतला पत्रा पाहावा, असे मी त्यांना आधीच सांगून ठेवले आहे.