दहशतवादी हल्ल्यासाठी एखादा देशच का निवडला जातो?

जुना_पार्लेकर

पहलगामचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, 'आपण मऊ म्हणून मार खातो.' दुसरं, 'आपणच काहीतरी करून ठेवलंय, त्याचं हे फळ.' मला दोन्ही अर्धवट वाटतात. दोन्हींमध्ये आपण काय आहोत किंवा काय केलं एवढंच बघितलं जातं. हल्ला करणाऱ्याला त्यातून काय मिळवायचं होतं, हे कुणी विचारतच नाही.

माझं मत असं की देशाने आधी काय केलं यापेक्षा हल्ल्यानंतर तो काय करेल, याचा हिशोब जास्त असतो. समोरच्याला जी प्रतिक्रिया हवी असते, ती जिथून हमखास मिळेल असा देश आणि असा मुहूर्त गाठला जातो.

उदाहरणं बघा. २५ डिसेंबर २०१५ ला मोदी अचानक लाहोरला उतरले, नवाझ शरीफांच्या घरी गेले. आठवडाभरात, २ जानेवारीला, पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला आणि परराष्ट्र सचिवांची ठरलेली बोलणी लांबणीवर. २६/११ च्या दिवशी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री कुरेशी दिल्लीत होते. चारच दिवस आधी झरदारी म्हणाले होते की पाकिस्तान अण्वस्त्रांचा पहिला वापर करणार नाही.

आपल्याकडेच असं होतं असंही नाही. उत्तर आयर्लंडमध्ये एप्रिल १९९८ ला शांतता करार झाला आणि १५ ऑगस्टला ओमा गावच्या बाजारपेठेत गाडीतला बॉम्ब फुटून २९ माणसं गेली. हा करार मान्य नसलेल्या फुटीर गटाचं काम. इस्राएलमध्ये १९९६ च्या निवडणुकीआधी हमासने बसमध्ये स्फोट घडवले. शांतता बोलणी करणारे पंतप्रधान राबिन यांच्या हत्येनंतर मतांत पुढे असलेले त्यांचे वारसदार पेरेस अगदी थोडक्यात हरले, बोलण्यांना विरोध करणारे नेतान्याहू आले.

म्हणजे वैर पेटलेलं असतानाच बॉम्ब फुटतात असं नाही. वैर निवायला लागलं की ज्यांचं दुकान त्यावर चालतं त्यांचे हात शिवशिवतात. भारत वारंवार निशाण्यावर येतो यामागचं मोठं कारण मला हे वाटतं. विरोधी मतं ऐकायला आवडतील, फक्त पक्षीय धुणी इथे धुऊ नका.

सडेतोड

पार्लेकर, लेख छान, पण मूळ सोडून फांद्या मोजल्यात. मूळ म्हणजे शेजार. कसाब आणि बाकीचे नऊ जण कराचीहून निघाले. ताजमध्ये शिरल्यावरही फोनवर सूचना येत होत्या त्या पाकिस्तानातूनच. हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीने २०१६ साली मुंबईच्या कोर्टापुढे व्हिडिओवरून साक्ष दिली, त्यात आयएसआयच्या माणसांचा उल्लेख आहे. ज्या देशाच्या शेजारी असं सरकार बसलंय तो देश निशाण्यावर येणारच, मग तो बोलणी करो वा न करो. स्वित्झर्लंडची सीमा तिकडे लागून असती तर घड्याळं बनवायला त्यांनाही सवड मिळाली नसती.

गोगलगाय

स्वित्झर्लंडवरून आठवलं. १९९७ साली इजिप्तमध्ये लक्सरच्या देवळापाशी पर्यटकांवर गोळीबार झाला. मेलेल्या ५८ पर्यटकांपैकी ३६ स्विस होते. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला देश! निशाणा अर्थात इजिप्तचा पर्यटनधंदा होता. तेव्हा 'कोणता देश निशाण्यावर' आणि 'कोणत्या देशाची माणसं मेली' हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

वसईचा_मास्तर

पार्लेकर, तारखा जुळवून कारण सिद्ध होत नाही. २६/११ चं तुमचं उदाहरण तर पुरतं कोसळतं. हेडली २००६ पासून मुंबईत येऊन ताज, नरिमन हाउस बघून, चित्रीकरण करून जात होता. त्याच्याच साक्षीप्रमाणे समुद्रातून यायचे आधीचे दोन प्रयत्न फसले होते, एक सप्टेंबर २००८ मध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये. पहिल्या खेपेला बोट खडकावर आपटली. ती आपटली नसती तर हल्ला सप्टेंबरातच झाला असता आणि कुरेशी तेव्हा कुठे होते ते कुणी बघितलंही नसतं. मुहूर्त कुरेशींमुळे नाही, खडकामुळे ठरला.

जुना_पार्लेकर

मास्तर, तारीख सोडली. जागा बघा. सीएसटीवर गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांवर गोळ्या झाडून ते थांबू शकले असते. तरी ताज, ओबेरॉय, लिओपोल्ड, ज्यूंचं केंद्र, एवढा घाट का? कॅमेरे तीन दिवस हलू नयेत आणि वॉशिंग्टनपासून तेल अवीवपर्यंत फोन वाजावेत म्हणून. हा प्रतिक्रियेचाच हिशोब झाला. आणि सडेतोड, हल्ला करवून घेणारा शेजारी असला तरी तोही काहीतरी मिळवायलाच करवतो ना?

मुंब्र्याची_शबनम

एक तारीख सगळे टाळताहेत, १२ मार्च १९९३. २५७ माणसं गेली. ते कुठल्या शांतता बोलण्यांनंतर झालं? ६ डिसेंबरला बाबरी पडली, डिसेंबर-जानेवारीत मुंबई जळली. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींतले ९०० मृत्यू नोंदवलेत, ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू, बाकी इतर आणि अज्ञात. दंगली आणि स्फोट यांचा संबंध आयोगानेच दाखवलाय.

लगेच अंगावर येऊ नका. कारण सांगणं म्हणजे समर्थन करणं नव्हे. झवेरी बाजारात, वरळीत त्या दिवशी मेलेल्या माणसांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, आणि त्यांत सगळ्या धर्मांचे होते. पण न्याय न मिळालेली माणसं ज्या देशात साठतात, तिथे बाहेरच्याला हाताशी धरायला पोरं सापडतात, एवढंच माझं म्हणणं.

सडेतोड

शबनमताई, दंगलीत घर जळालेल्या हजारो लोकांनी आरडीएक्स पेरलं नाही. पेरलं ते दाऊद आणि टायगर मेमनच्या टोळीने, ज्यांचा धंदाच तस्करी. आणि आरडीएक्स धारावीत बनत नाही. ते समुद्रापलीकडून आलं. दंगल निमित्त होती.

मुंब्र्याची_शबनम

निमित्त आणि कारण यांत तुम्ही जेवढं अंतर ठेवताय तेवढं आयोगाला दिसलं नव्हतं. बाकी चालू द्या.

बाणकोटचा_वारा

समुद्रापलीकडून आलं म्हणता, पण उतरलं कुठे? दिघीला आणि शेखाडीला, आमच्या रायगडात. माल उतरवला, ट्रक भरले, आणि रस्त्यात पोलीस आडवे आले. म्हणजे यंत्रणा झोपेत नव्हती बरं का, जागी होती! गोंडघर फाट्यावर गाड्या अडवल्या, सौदा ठरला, सगळी रोकड हाताशी नव्हती म्हणून चांदीच्या लगड्या तारण ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडल्या. खटल्यात हे सगळं आलंय. पोलीस आणि कस्टमचे लोक त्यात दोषी ठरले, अगदी कस्टमचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापांपर्यंत.

त्या पोलिसांना वाटलं असणार की नेहमीचाच माल आहे, सोनं-चांदी. पण चांदीसाठी वर्षानुवर्षं उघडी ठेवलेली वाट आरडीएक्सला बंद होत नाही. तुम्ही बसा परराष्ट्र धोरणाचा कीस पाडत. माझ्या मते देश निशाण्यावर येतो तो फाट्यावर.

कट्टेकरी

बाणकोटचा_वारा, +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

विद्या_टोरांटो

वाऱ्याच्या मुद्द्याला इथून पुस्ती जोडते. २३ जून १९८५, एअर इंडियाचं कनिष्क. टोरांटो-मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला निघालेलं विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. ३२९ मेले, त्यांतले बहुतेक कॅनडाचे नागरिक.

राग कुणावर होता? भारत सरकारवर, ऑपरेशन ब्लूस्टारबद्दल. कॅनडाने त्या खलिस्तानी कटवाल्यांचं काय बिघडवलं होतं? काहीच नाही. पण काम सोपं झालं ते इथे. व्हँकुव्हरच्या काउंटरवर एक माणूस अडून बसला की माझी बॅग पुढे एअर इंडियाच्या विमानात थेट जाऊ द्या. पुढच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती, म्हणजे नियमाने नाहीच म्हणायचं. मागे रांग वाढत होती, हा हटेना, शेवटी कर्मचाऱ्याने चिठ्ठी लावून बॅग सोडली. माणूस विमानात चढलाच नाही. टोरांटोत एक्स-रे यंत्र बंद पडलं म्हणून हातातल्या यंत्राने बॅगा हुंगल्या. एका बॅगेपाशी ते वाजलं, तरी ती पुढे गेली.

न्यायमूर्ती मेजर यांच्या आयोगाचा अहवाल २०१० साली आला, म्हणजे २५ वर्षांनी. तोवर गुप्तचर खात्याने संशयितांच्या संभाषणाच्या टेप पुसूनही टाकल्या होत्या. तेव्हा पार्लेकर, तुमचा 'प्रतिक्रियेचा हिशोब' इथे कुठे बसतो? हा सूड होता आणि दार उघडं होतं. बस.

(अवांतर: इथल्या अनेकांना कनिष्क हा आजही 'भारताचा' अपघात वाटतो. अपघात!)

वसईचा_मास्तर

विद्याताईंचा मुद्दा पुढे नेतो. श्रीलंका, २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. चर्च आणि हॉटेलं मिळून २६० हून अधिक मेले. श्रीलंकेने ना इराकमध्ये सैन्य पाठवलं ना सीरियात. तरी आठ दिवसांनी आयसिसचा म्होरक्या बगदादीचा व्हिडिओ आला की हा बागूझचा सूड. बागूझ म्हणजे सीरियातलं त्यांचं शेवटचं ठाणं, जे मार्चमध्ये पडलं. कोलंबोच्या माणसाला ते नकाशावर दाखवता आलं नसतं.

मग श्रीलंकाच का? कारण जमलं. हल्ल्याचा सूत्रधार झहरान हाशिम याच्याविरुद्ध त्याच्याच काट्टानकुडी गावातल्या मुसलमानांनी स्वतः तक्रारी केल्या होत्या. जानेवारीत पुत्तलम भागात नारळीच्या बागेत स्फोटकांचा साठा सापडला होता. भारताने ४ एप्रिलला इशारा दिला. पण राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांचं इतकं फाटलेलं की पंतप्रधानांना सुरक्षा परिषदेच्या बैठकीचं बोलावणंही जात नव्हतं. पुढे २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेनांना १० कोटी रुपये भरपाई भरायला लावली. कारण म्हणून सांगितलं जातं ते नंतर चिकटवलेलं लेबल असतं.

जुना_पार्लेकर

पण पुढचं बघा ना. मे महिन्यात तिथे मुसलमानांची दुकानं-मशिदी फोडल्या गेल्या. नोव्हेंबरात 'सुरक्षा' या एका शब्दावर गोटाबाया निवडून आले. समाज फाडायचा होता, फाटला.

वसईचा_मास्तर

जे झालं तेच हवं होतं, असं मागाहून कशावरही म्हणता येतं.

नाकासमोर

माद्रिद कुणीच काढलं नाही म्हणून. ११ मार्च २००४, लोकल गाड्यांत स्फोट, १९० च्या वर मृत्यू. तीन दिवसांवर निवडणूक. स्पेनच्या अझनार सरकारने ईटा या बास्क फुटीरतावादी संघटनेचं नाव पुढे रेटलं, लोकांना ती लपवाछपवी वाटली, सरकार पडलं. नव्या झपातेरोंनी इराकमधून सैन्य परत बोलावलं. पार्लेकरांच्या बाजूचा याहून चांगला दाखला नाही.

आता दुसरी बाजू. झपातेरो निवडून आलेले होते, सैन्य आणणार हे जगजाहीर होतं, तरी २ एप्रिलला माद्रिद-सेव्हिल जलद गाडीच्या रुळाखाली बॉम्ब सापडलाच. मागणी मान्य झाली की थांबतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा रूळ लक्षात ठेवावा.

सडेतोड

नाकासमोर, धन्यवाद. आता पार्लेकरांना सरळ प्रश्न. हल्लेखोराला आपली प्रतिक्रियाच हवी असते, तर मग २००८ ला आपण हात बांधून बसलो ते बरोबर आणि ऑपरेशन सिंदूर चूक, असंच ना तुमचं म्हणणं?

जुना_पार्लेकर

'बरोबर-चूक' मी म्हटलं नाही. पण उरीनंतर सर्जिकल स्ट्राइक झाला, तरी अडीच वर्षांत पुलवामा. पुलवामानंतर बालाकोट झालं, तरी पुढे पहलगाम. मार खाऊन समोरचा थांबतो हे या क्रमातून दिसत नाही.

सडेतोड

आणि न मारता थांबतो हे कुठल्या क्रमातून दिसतं? १९९३, २००३, २००६, २००८, २०११, मुंबईने मोजून घ्यावं. २०११ नंतर मुंबईत तसा मोठा हल्ला नाही, हे विसरू नका.

वसईचा_मास्तर

२०११ नंतर नाही, आणि सर्जिकल स्ट्राइक २०१६ चा. मधली पाच वर्षं कुणाच्या खात्यावर मांडणार? २६/११ नंतर एनआयए उभी राहिली, एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं, सागरी पोलीस ठाणी झाली, २०१२ ला २६/११ च्या कटातल्या अबू जुंदालला सौदीने आपल्या ताब्यात दिलं. मग २०१८ ते २०२२ पाकिस्तान एफएटीएफच्या, म्हणजे दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, ग्रे लिस्टमध्ये होता, पैशाच्या वाटा आवळल्या गेल्या, तेव्हा लष्कर-ए-तोयबाच्या हाफिझ सईदला त्यांच्याच कोर्टाने आत टाकलं. हे सगळं कंटाळवाणं काम आहे, टीव्हीवर दिसत नाही.

सडेतोड

ग्रे लिस्टमधून ऑक्टोबर २०२२ ला सुटले आणि अडीच वर्षांत पहलगाम. म्हणजे दाब होता तोवर वचकून होते. हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला, मास्तर.

वसईचा_मास्तर

दाबाला मी नाही कधी म्हटलं? पण पुलवामा २०१९ चं आहे, ग्रे लिस्ट चालू असतानाचं. तेही मांडा.

बाणकोटचा_वारा

आणि कुणीतरी गोंडघर फाटाही मांडा.