फुकटचं ॲप आणि पैसे मोजून घेतलेलं ॲप: दर्जात फरक पडतो का?

रानजाई
आईच्या फोनवर पंचांगाचं एक फुकटचं ॲप होतं. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ बघायला तिनं ते उघडलं, तर आधी पडदाभर जाहिरात आली. ती बंद करायची फुली तिळाएवढी. सत्तरीतल्या माणसाचं बोट तिथे नेमकं कसं पडणार? पडलं जाहिरातीवर, आणि पुढच्या दोन टिचक्यांत कर्ज देणारं कुठलंसं ॲप फोनमध्ये उतरलं. चंद्रोदयाची वेळ अचूक होती, हे मान्य. करणाऱ्याला गणित येतं. पण ते ॲप आईच्या सोयीसाठी नाहीच, जाहिरातदाराच्या सोयीसाठी आहे.

पैसे कोण देतो त्यावर ॲप कुणाचं ऐकणार हे ठरतं, असं माझं ठाम मत झालंय. व्हॉट्सॲपची पूर्वी वर्षाला एक डॉलर वर्गणी असे, आपल्याकडे ५५ रुपयांच्या आसपास. जाहिराती दाखवणार नाही, असं संस्थापकांनी उघडपणे लिहिलं होतं. २०१४ मध्ये फेसबुकनं ते १९ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं, २०१६ मध्ये वर्गणी बंद झाली आणि २०२५ मध्ये स्टेटसच्या पानात जाहिराती येणार असं जाहीर झालं. वर्गणी बंद झाली तेव्हा मलाही आनंद झाला होता. आज वाटतं, ते ५५ रुपये देत राहायला हवे होते.

ठिपका
रानजाई, पटलं नाही. व्हिडिओ आणि गाणी लावायचं व्हीएलसी घ्या. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते सुरू झालं. आजही किंमत नाही, जाहिरात नाही, आणि फाईल कुठलीही द्या, चालते. मराठी लिहायला मी कित्येक वर्षं आयआयटी मुंबईचा स्वरचक्र कळफलक वापरला. व्यंजन दाबलं की भोवती त्याची बाराखडी उमलायची. मराठीचा एवढा विचार करून केलेलं दुसरं काही मला तेव्हा सापडलं नव्हतं, आणि तेही फुकट.

उलट लेकीसाठी वर्षाची वर्गणी भरून गोष्टींचं ॲप घेतलं, त्यात जोडाक्षरं फुटलेली. कळवलं, तर आभाराचा ठरावीक निरोप आला. अक्षरं अजून फुटलेलीच आहेत. तळमळ असली की दर्जा येतो, किमतीनं येत नाही.

घाटमाथा
मुलांना अक्षरं गिरवायला शिकवणारं एक ॲप मी एकट्यानं चालवतो, म्हणून राहवलं नाही.

ठिपका, तळमळ माझ्याकडेही आहे हो. पण स्वरचक्रामागे संस्था होती, व्हीएलसीमागे देणग्या आणि स्वयंसेवक आहेत. तिथे खर्च दुसऱ्या कुणीतरी उचललेला असतो.

माझ्या ॲपची किंमत ९९ रुपये. प्ले स्टोअरचे १५ टक्के गेले की हातात ८४. घेणारा एकदाच पैसे देतो, काम मात्र दरवर्षी येतं. ॲप नव्या अँड्रॉइडशी जुळवून घ्या, अशी गुगलची दरवर्षीची अट असते. नाही जुळवलं, तर नवा फोन घेतलेल्या माणसाला ते दुकानात दिसतच नाही. एकही नवं अक्षर न घालता, आहे ते नुसतं चालू ठेवायला माझे तीन आठवडे जातात. ते पैसे कुठून यायचे? जोडाक्षरं का फुटतात याचं उत्तर बरेचदा इथे असतं: दुरुस्त करणारा माणूस केव्हाच दुसऱ्या नोकरीला लागलेला असतो.

किंमत उतरवूनही पाहिली. भारतात ॲपची किमान किंमत ५० रुपये होती, ती गुगलनं २०१५ मध्ये १० वर आणली. मी १० रुपये ठेवले. विक्री थोडी वाढली, तक्रारी तेवढ्याच राहिल्या, मिळकत घसरली. आणि जास्त मागितले की लोक चिडतात. २०१४ मध्ये मॉन्युमेंट व्हॅली या गाजलेल्या खेळानं नव्या टप्प्यांसाठी साधारण दोन डॉलर मागितले, तर लोकांनी एकेक तारा देऊन राग काढला. खेळ वाईट आहे असं त्यांचंही म्हणणं नव्हतं.

चांदणवेल
तुम्ही सगळे देऊ शकणाऱ्यांचंच बोलताय. आमच्याकडे दोघी बहिणी स्पर्धा परीक्षेला बसतोय. सराव प्रश्नांचं, चालू घडामोडींचं, इंग्रजीचं, प्रत्येक ॲपची महिन्याची वर्गणी वेगळी. त्या पैशांत खानावळीचे दोन आठवडे निघतात. आम्हाला जाहिरातवालं फुकट ॲपच परवडतं, आणि त्यातून शिकून मुली पास झालेल्या मी पाहिल्यात. त्याला कमी दर्जाचं म्हणू नका.

एकदाच ९९ मी देईन. दर महिन्याला खात्यातून आपोआप कापले जाणारे नकोत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या नियमानं कापण्याच्या २४ तास आधी निरोप येतो, पण शंभर निरोपांत तो कुणाला दिसतो?

रानजाई
चांदणवेल, तुझं खरं आहे, आणि माझ्या मूळ लेखात ते यायला हवं होतं. तरी जाहिरातीचा भार फुकट वापरणाऱ्यावरच पडतो, हे विसरू नकोस. २०१९ मध्ये कागद स्कॅन करायच्या कॅमस्कॅनर ॲपच्या फुकट आवृत्तीतल्या जाहिरातींच्या घटकात घातक कोड असल्याचं कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीनं दाखवलं. गुगलनं ती आवृत्ती दुकानातून काढली, पैसे भरायची आवृत्ती तशीच राहिली. तुझ्यासारखीला धोका जास्त, म्हणूनच मला राग येतो.

ठिपका
मग सिंपल मोबाइल टूल्स आठवा. गॅलरी, कॅलेंडर वगैरे साधी, स्वच्छ ॲपं. लोकांनी पैसे देऊन घेतली होती. २०२३ च्या शेवटी ती दुसऱ्या कंपनीला विकली गेली, तेव्हा पैसे भरलेल्यांना कुणी विचारलं? पुढे कुणालाही वापरायला मोकळा असलेला त्यांचा कोड घेऊन फॉसिफाय नावानं ती जिवंत ठेवली ती स्वयंसेवकांनी. पैसे देऊन ॲप आपलं होत नाही.

घाटमाथा
त्या विक्रीनं मलाही वाईट वाटलं होतं. पण वर्षानुवर्षं ते सांभाळणारा थकतो, हेही मला समजतं.

चांदणवेल, तुमचं वाचून ठरवलं: जूनपासून शाळांना आणि ग्रंथालयांना ॲप फुकट. घरी घेणाऱ्यांना ९९, एकदाच. जाहिरात कुणालाच नाही.

ठिपका
उत्तम. पण शाळांचा खर्च कोण उचलणार?

घाटमाथा
९९ भरणारे. वर्षाला ३०० नवे लोक मिळाले तर माझ्या तीन आठवड्यांची मजुरी निघते. गेल्या वर्षी १७० मिळाले होते.