सीन पडद्यावर असतो का थेटरात?

मांजराकाठ
आवडत्या सीनवर गप्पा निघाल्या की जो तो दिग्दर्शकाचं नाव घेतो. माझं म्हणणं वेगळं आहे. लक्षात राहणारा सीन अर्धा पडद्यावर असतो, उरलेला अर्धा थेटरात बसलेले लोक तयार करतात.

२०१६ चा मे. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, घागरींची रांग मात्र आदल्या रात्रीपासून. अशात 'सैराट' लागलेला. आम्ही चौघं दुपारच्या शोला गेलो. 'याड लागलं' सुरू झालं. परश्या होडीतून उडी टाकतो, पळत सुटतो, विहिरीत सूर मारतो. माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस मोठ्यानं बोलला, "आरं पाणी बघ की, पाणी!" आख्खं थेटर हसलं आणि मग ज्या शिट्ट्या सुरू झाल्या, त्या ना परश्याला होत्या ना आर्चीला. विहिरीला होत्या.

शेवटी तर कहर. आवाज गेला. खालून ओरडा, "ए, आवाज! आवाज!" कुणीतरी खुर्चीवर थापा मारायला लागलं. लोकांना वाटलं नेहमीसारखी मशीन बिघडली. मग ते लेकरू रडत बाहेर येतं आणि फरशीवर रक्ताची पावलं उमटायला लागतात. पुढच्या रांगेपासून एकेक रांग गप होत मागं आली, मला ते अक्षरशः ऐकू आलं. बाहेर स्टँडवर कुणी गाडीला किक मारेना.

मोबाईलवर 'सैराट' पाहिलेल्यांनी पाहिलाच नाही असं मी म्हणतो. मारा आता.

भारतात_परभणी
मारतोच. दादा, तू स्वतःच्याच विरोधात साक्ष देऊन गेलास. शेवटी आवाज काढून घेणं हा नागराज मंजुळेंचा निर्णय. आधी झिंगाटवर नाचवलं, जवळजवळ तीन तास अजय-अतुल कानात भरले, म्हणून ती शांतता वाजते. तुझ्या थेटरानं त्यात काय भर घातली? ओरडून अर्धा सीन घालवला.

माझं ऐक. 'फँड्री' मी हॉस्टेलवर पाहिला, मोबाईलवर, पांघरुणात, एकाच कानानं. दुसरा इअरफोन बिघडला होता. जब्याच्या घरच्यांनी डुकराला घेरलंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थांबतो, मग बाकीचे. डुक्कर आपलं निघून जातं, त्याला कुठलं राष्ट्रगीत. मी आडवा होतो, उठून बसलो. शिट्टी नाही, गर्दी नाही, दुष्काळ नाही. मग हा अर्धा सीन कुठून आला?

मांजराकाठ
उठून बसलास का उभा राहिलास?

भारतात_परभणी
बसलो. उभा राहिलो असतो तर वरच्या पलंगाला टाळकं आपटलं असतं.

कामून_बे
"धनंजय माने इथेच राहतात का?" संपला विषय. कामून रडायलात सगळे?

गोदाकाठची
'फँड्री'चा तोच सीन मी नांदेडला थेटरात पाहिला. आपल्याकडं सिनेमाच्या आधी राष्ट्रगीत लागायचंच, त्याला सगळे उभे राहून बसलेले. मध्येच हे दुसरं. पाच-सहा जण उभे राहिले. आमच्या पुढचे एक काका अर्धवट उठले, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर, ना उभे ना बसलेले. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ बसा, पिक्चरमधलं हाय." ते म्हणाले, "पिक्चरमधलं असलं म्हणून काय झालं?" तोवर गीत संपलं. पडद्यावर जब्याच्या बापाचं, कचरूचं, घर ज्या पेचात सापडलं होतं, त्याच पेचात ते काका. इथपर्यंत मी मांजराकाठच्या बाजूनं.

पण 'सैराट'चं तुमचं ते शिट्ट्यांचं थेटर मला नका सांगू. आर्ची ट्रॅक्टरवर बसून येते, तेव्हा आमच्या मागं काय काय बोललं गेलं ते इथं लिहिता येणार नाही. माझी वहिनी पदर तोंडाला लावून बसली होती. तो सीन मी खरा पाहिला वर्षभरानं, घरी टीव्हीवर, आईसोबत. आई शेंगा फोडत बघत होती. ट्रॅक्टर आला तशी हात थांबवून म्हणाली, "पोरगी चालवायली व्हय गं?" मग उत्तरार्धात तीच आर्ची हैदराबादला झोपडीत स्वयंपाकाला चाचपडते, तेव्हा आई हळूच म्हणाली, "ट्रॅक्टर राहिला गावाकडंच." एवढंच. पुन्हा शेंगा.

थेटर सगळ्यांना सारखं मिळत नाही, दादा. आईनं तर लग्नानंतर थेटराची पायरी चढलेली नाही. मग तिनं एकही सीन पुरता पाहिला नाही म्हणायचं का?

जुना_तंबू
पोरांनो, तुम्ही २०१४ च्या मागं जातच नाहीत. 'सामना' बघा. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लेखणी तेंडुलकरांची. आमच्या गावात शाळेच्या पटांगणात पांढरा कपडा बांधून दाखवला होता. समोर जागा नव्हती म्हणून आम्ही कपड्याच्या मागं बसलो. अक्षरं उलटी, डावरे उजवे झालेले, पण श्रीराम लागू आणि निळू फुले उलटे बसवले म्हणून कमी पडतात थोडेच! दारूत बुडालेला तो मास्तर एकच विचारतो, "मारुती कांबळेचं काय झालं?" आणि हिंदुराव धोंडे पाटलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत जातो. रक्त दाखवलं नाही, पावलं दाखवली नाहीत.

पुढं कैक वर्षं आमच्या ग्रामसभेत रस्त्याचे पैसे, विहिरीचे पैसे, कशाचाही हिशेब निघाला की मागून एखादा ओरडायचा, "ते राहू द्या, मारुती कांबळेचं काय झालं?" सरपंच चिडायचा. ज्यानं सिनेमा पाहिला नाही तोही हसायचा. सीन म्हणतात तो असा, माणसाच्या तोंडात बसलेला. तुमचा तो मुका सीन पारावर सांगायचा कसा? पावलं उमटून दाखवायची?

भारतात_परभणी
मामा, मला वाटलं तुम्ही माझ्या बाजूनं. तुम्ही तर पार कपड्याच्या मागं जाऊन बसलात.

जुना_तंबू
मी कुणाच्याच बाजूला नाही. मागं बसलेला माणूस.

बालाघाट
उशिरा आलो, पण एक कुणी बोलेना म्हणून बोलतो. इथं निघालेल्या एकाही सीनमध्ये आपली बोली आहे का? 'सैराट' करमाळ्याचा. करमाळ्याला लागून परंडा, म्हणजे कॅमेरा आपल्या शिवेपर्यंत येऊन माघारी फिरला. मकरंद अनासपुरे आपल्या मराठवाड्यातले. त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आपल्यासारखं बोलणं पडद्यावर ऐकलं, तेव्हा आमच्या घरात सण होता. मग मी पुण्याला शिकायला गेलो. रूममधले म्हणायचे, "ए, पिक्चरसारखं बोल ना." मी "काय करायलास" म्हटलं की हशा. आजारी होतो तेव्हा "पोट लई दुखायलंय" म्हटलं, तरी हशा. त्यात दोष अनासपुऱ्यांचा नाही. पण त्या बोलीत कुणी रडतानाचा सीन लोकांनी पाहिलाच नव्हता, तर पोरं तरी काय करणार? त्यांना वाटलं ही भाषा विनोदासाठीच असते.

तेव्हा थेटर का मोबाईल हे भांडण मला जरा पोट भरलेल्यांचं वाटतं. रागावू नका.

कामून_बे
बरं झालं मी बनवाबनवीवर थांबलो.

गोदाकाठची
बालाघाट, तुमचं पटतंय आणि नाहीही. आई "ट्रॅक्टर राहिला गावाकडंच" म्हणाली ते आपल्याच बोलीत. सिनेमात नसेल, पण माझ्यासाठी त्या सीनचा डायलॉग तोच आहे. आता 'सैराट' लागला की मला आधी तिचं वाक्य ऐकू येतं.

मांजराकाठ
ताई, ट्रॅक्टरच्या सीनला शिट्टी मारणाऱ्यांत मीही होतो. लपवत नाही. तुमच्या आईनं पाहिलेलाच जास्त पुरता, हे मान्य. म्हणजे थेटर म्हणताना मी चार टवाळ पोरांचं थेटर धरून चाललो होतो. लोक पाहिजेत, एवढं मात्र सोडणार नाही. तुमच्यासोबतही आई होतीच की. परभणी, तुझं पांघरूण अजून मला मान्य नाही.

भारतात_परभणी
नको मान्य करूस. पण खरं सांग, तो "पाणी बघ की" वाला माणूस तू मागून रचलास ना? फारच फिट्ट बसायलाय.

मांजराकाठ
आईशप्पथ नाही. शो सुटल्यावर तो गेटजवळ दिसला. हातात प्लास्टिकचे दोन कॅन, शोला येतानाच घेऊन आलेला. थेटरच्या बोअरचं पाणी भरू द्याल का म्हणून वॉचमनला विचारत होता.

जुना_तंबू
दिलं का?

मांजराकाठ
वॉचमन म्हणाला, "मामा, आमच्याच संडासाला कुलूप हाय."