गेट बंद झालं की बीपी वाढतो, ही नाटकं?

कुपवाडचा लेथवाला: काल इथं एकानं लिहिलं, "कंपनी बंद पडली म्हणून बीपी वाढला, ही सगळी नाटकं. सकाळी कृष्णाकाठी फिरा, मिळेल ते काम करा." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. एमआयडीसीत १९ वर्षं लेथवर काढली. गेटला कुलूप लागल्यावर दोन महिने रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होतो, गल्लीत कळू नये म्हणून. घाटावर बसून डबा खायचा, बीपीची गोळी ब्लेडनं अर्धी करून घ्यायची. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरलं, तेव्हा बायकोला कळलं. फिरायला पाय होते, तोंड नव्हतं.

तासगावकर: वाक्य माझंच आहे, मागं घेत नाही. आमच्या बेदाणा शेडला माणूस मिळंना. तीन दिवस येतात, चौथ्या दिवशी टपरीवर. आणि आरोग्य केंद्रात गोळी फुकट मिळती की!

मिरजेची सून: हजेरी किती देता तेही लिहा. नवरा घरी बसला आणि मी दोन घरची धुणीभांडी धरली. गुडघे माझे गेले, विचारपूस त्यांच्या बीपीची.

वाचनवेडा: १९३०च्या सुमारास ऑस्ट्रियात मारिएन्थालची गिरणी बंद पडली. अभ्यासकांनी पाहिलं, पुरुष रस्त्यात थांबत थांबत चालायचे आणि बायका भरभर, कारण घरकाम सुटलेलं नव्हतं.

मिरजेची सून: त्याला ऑस्ट्रिया कशाला, आमच्या बोळात या.

विट्याचा: ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं बोला राव. करोनात नोकरी गेलेल्यांना ९० दिवस अर्धा पगार केलेला. अर्ज केला नाही तर दोष कुणाचा?

कुपवाडचा लेथवाला: पगार २१ हजारांच्या वर गेला की कार्ड जातं, साहेब. माझा २२ झाला तेव्हा मीच पेढे वाटले. सहा महिन्यांत कार्ड गेलं, मग कंपनी गेली.

विट्याचा: मग फुले योजना? ५ लाखांपर्यंत उपचार फुकट आहेत.

कुपवाडचा लेथवाला: ॲडमिट झाल्यावर. रोजच्या गोळीला नाही. म्हणजे आधी झटका येऊ द्यायचा!

विट्याचा: आमच्याकडं लूमवाल्यांना कार्डच नाही, आम्ही रडतो का?

मिरजेची सून: रडा की. कुणी अडवलंय?

तासगावकर: विषय कुठं नेलाय! फुकट गोळीचं उत्तर द्या.

कुपवाडचा लेथवाला: मिळते, मान्य. आता तिथूनच आणतो. तेव्हा केसपेपरच्या रांगेत आमचा जुना वॉचमन दिसला. त्यानं मान फिरवली, मीही फिरवली, आणि दोघंही गोळी न घेता घरी गेलो.

तासगावकर: बरं, नाटकं हा शब्द काढतो. बाकी म्हणणं तेच. शेडला या, सावलीतलं काम देतो.

मिरजेची सून: हजेरी अजून लिहिली नाही तुम्ही.